सातवं पोर्ट

राउटर बसवणं हे काही घाम काढणारं काम नाही. एक चपटी काळी पेटी, तिला मागे आठ भोकं. भोक म्हणायचं नाही, पोर्ट म्हणायचं, एवढाच काय तो रुबाब. प्रत्येक पोर्टात एकेक वायर खोचायची, मग लॅपटॉप जोडून पेटीला प्रत्येकाची ओळख करून द्यायची, की बाई, हे अमक्या खोलीचं, हे तमक्या खोलीचं, हे बाहेरच्या लाइनचं. डोकं थंड असलं तर दोन तासांचा मामला. पण त्या दिवशी त्याचं डोकं थंड नव्हतं, कारण तीन नंबरच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला त्याची आई होती.

आई ज्या शुश्रूषागृहात होती तिथे त्याला सगळे 'वायरवाले' म्हणायचे. सहा खोल्या, सहा म्हातारी माणसं, आणि प्रत्येक खाटेपाशी नाडी मोजणारं एक मशीन. मशीनचे आकडे वायरीतून राउटरकडे आणि तिथून सिस्टरांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर. जुना राउटर मान टाकायला लागला होता. परवा एका दिवसात दोनदा सगळे आकडे गुल झाले आणि सिस्टर बिचाऱ्या एकट्या सहा खोल्यांतून पळत राहिल्या. हे त्याच्या कानावर आलं. आईचं हृदय गेले तीन महिने रखडत चाललेलं, नळीने प्राणवायू लावलेला. तेव्हा नवीन पेटी दुसऱ्या कुणाच्या हातून बसवायची नाही हे त्याने ठरवून टाकलं आणि दुपारी दोनला स्वतः हजर झाला.

त्याचा उजवा बूट चालताना करकरायचा. तळवा दोनदा चिकटवून झाला होता, तरी चौथ्या पावलाला आवाज यायचाच. सिस्टर म्हणायच्या, आधी तुमचा बूट येतो आणि मागून तुम्ही येता.

राउटरची जागा म्हणजे धुतलेल्या चादरी ठेवायची अरुंद खोली. तीन बाजूंना फळ्या, फळ्यांवर घडीच्या चादरी, साबणाचा आणि इस्त्रीचा वास. चौथ्या भिंतीवर पेटी. बसायला एक उंच स्टूल. त्याने कामाला सुरुवात केली ती नेहमीच्या पद्धतीने. आधी वायरीला कागदी चिठ्ठी, मग पेटीच्या आतही तेच नाव. 'खोली १, काकू.' 'खोली २, कर्नल.' 'खोली ३, आई.' नावानंतर तो न विसरता पूर्णविराम द्यायचा. बाकीचे वायरवाले देत नसत. यावरून कचेरीत त्याची पुष्कळ टिंगल झाली होती, पण सवय ती सवय.

खोलीचा नंबर तोच पोर्टाचा नंबर. आठवं बाहेरच्या लाइनला. सातवं रिकामं.

आता रिकाम्या पोर्टाचा त्याच्या धंद्यात एक नियम असतो. ते उघडं ठेवायचं नाही, आज्ञा देऊन बंद करायचं. इथे तर त्या नियमाला आणखी एक कारण होतं. खोली रिकामी झाली तरी पोर्ट चालू राहिलं, तर सिस्टरांची स्क्रीन 'आकडे येत नाहीत, आकडे येत नाहीत' म्हणून कोकलत बसे. त्यामुळे खोली रिकामी झाली की मेट्रनबाई त्याला फोन करत आणि तो ते पोर्ट बंद करी. खोली रिकामी व्हायचे रस्ते दोनच, माणूस घरी जातो किंवा माणूस जातो. त्या जागेतून घरी गेलेलं गेल्या वर्षभरात तरी कुणी त्याच्या ऐकण्यात नव्हतं.

पाच नंबरपर्यंत नावं लिहून झाली. पाचात एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. 'खोली ५, मास्तर.' लिहून झाल्यावर त्याने मान वर केली आणि त्याला दिसलं की सातव्या पोर्टाचा हिरवा दिवा लुकलुकतोय.

त्याने वाकून पाहिलं. पोर्टात वायर नव्हती. करंगळी लावून पाहिली, आत पोकळी. दिवा मात्र लुकलुकत होता, म्हणजे पलीकडून कुणीतरी काहीतरी पाठवत होतं. पेटी नवी आहे, दिव्यात खोट असेल, असं म्हणून त्याने सातवं बंद करायची आज्ञा दिली. दिवा विझला. तो सहाव्याकडे वळणार तेवढ्यात पुन्हा लागला.

छे! असं होत नसतं. बंद म्हणजे बंद. त्याने पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा तेच. मग त्याने ते केलं जे या धंद्यातला कुणीही करेल. पेटीला विचारलं, तुझे शेजारी कोण? या पेट्या वायरीवरून एकमेकींना अधूनमधून हाक मारत असतात, मी अमकी, माझा कारखान्यातला नंबर अमका. विचारलं की यादी देतात. यादीत एकच ओळ आली. सातव्या पोर्टावर एक शेजारी. नाव तेच, जे त्याने या पेटीला तासाभरापूर्वी दिलं होतं. त्याने नंबर पेटीच्या कडेवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

एका वायरीची दोन्ही टोकं चुकून एकाच पेटीत गेली की असं होतं, नवशिके हमखास करतात. त्याने आठही पोर्टं बोटाने मोजली. सात वायरी होत्या, सातही सरळ भिंतीत जात होत्या.

खरं तर इथेच त्याने पेटी उपटून गाडीत टाकायला हवी होती. पण माणसाला चैन पडत नाही ना! त्याने त्या शेजाऱ्याचं दार ठोठावलं. पलीकडून पासवर्ड विचारला गेला. त्याने आज सकाळी दाढी करताना ठरवलेला, अजून बायकोलाही न सांगितलेला पासवर्ड दिला आणि दार उघडलं.

आत सगळं त्याचंच होतं. तीच नावं, नावापुढे तेच पूर्णविराम. 'खोली ३, आई.' 'खोली ५, मास्तर.' आणि त्याखाली, 'खोली ६, शिंपीणबाईंची मैत्रीण.'

सहावं त्याने अजून लिहिलंच नव्हतं. आई आयुष्यभर शिवणकाम करत आली, सहामधल्या बाईंशी तिची गट्टी जमली होती, म्हणून सहाचं नाव गमतीने असं लिहावं हे त्याच्या मनात जिना चढताना आलं होतं. बोलला तो कुणापाशीच नव्हता.

त्याने पलीकडचं घड्याळ पाहिलं. चार वाजून पंचवीस मिनिटं. मनगटावर तीन पस्तीस झाले होते.

मग त्याने नोंदी उघडल्या. राउटर सगळं टिपून ठेवतो, अगदी चोख. वायर निसटली तर तशी नोंद, कुणी आज्ञा देऊन बंद केलं तर तशी, शिवाय आज्ञा कुणी दिली त्याचं नाव. शेवटची ओळ अशी होती: चार वीस. पोर्ट तीन, हाताने बंद. आणि पुढे त्याचं नाव.

सुरुवातीला त्याला नुसतं नवल वाटलं. मी कशाला तीन बंद करीन? ते तर आईचं आहे. आणि मग त्याला आपलाच नियम आठवला. तीन नंबर तो एकाच कारणाने बंद करील.

तो स्टुलावरून उतरला आणि करकर बूट वाजवत आईच्या खोलीकडे धावला.

आई खाटेवर बसली होती. उशीला टेकून, चादरीची कड दोन्ही अंगठ्यांनी दुमडत, जणू अजून तिला टीप घालायची होती. तिने विचारलं, झालं का रे काम, आणि चहा प्यायलास का? नाडी ब्याऐंशी. चेहरा टवटवीत. तरी त्याने सिस्टरांना बोलावून आणलं, त्यांनी रक्तदाब बघितला, छाती ऐकली. मग त्याने डॉक्टरांना फोन लावायला लावला. डॉक्टर म्हणाले, आकडे उत्तम आहेत, मुलाला म्हणावं तूच जरा पड. सिस्टर हसल्या. त्याला हसू आलं नाही. तीन पन्नास झाले होते.

आईला इथून हलवावं का? ॲम्ब्युलन्सला यायला तास लागतो, आणि नळी काढून खाली गाडीत बसवणं म्हणजे आपल्याच हाताने ते घडवून आणणं. पेटीची वीज तोडावी? मग सहाही खोल्यांचे आकडे जातील, आणि नेमक्या त्या वेळी आईला काही झालं तर कळणारसुद्धा नाही. त्याचं डोकं भणभणायला लागलं. आणि त्या भणभणीत एक विचार आला, अगदी शहाण्यासारखा, हात जोडून आला म्हणा ना.

नोंद आईची नव्हती. नोंद तीन नंबरच्या खोलीची होती.

मास्तरांना तीन नंबरची खोली हवी होती हे सगळ्या जगाला माहीत होतं. त्या खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसायचं. वर्षभर ते मेट्रनबाईंच्या मागे लागले होते, आणि मेट्रनबाई म्हणत, तिथल्या आजींनी हो म्हटलं तर माझी काही ना नाही. पाच नंबर जिन्याकडे तोंड केलेली अंधारी खोली होती, पण मशीन तेच, खाट तीच, नळीची सोय तीच.

त्याने स्वतःला बजावलं, की हा नुसता खिडकीचा प्रश्न आहे. एका म्हाताऱ्या माणसाची एवढीशी हौस. असं त्याने दोनदा बजावलं, आणि दुसऱ्यांदा बजावताना त्याला स्वतःची किळस आली. पण पाय मेट्रनबाईंच्या टेबलाकडे चालतच राहिले.

मेट्रनबाईंना आश्चर्य वाटलं. आत्ताच्या आत्ता? राउटर लावतोच आहे तर नावंही एकदमच बदलून टाकतो, असं काहीतरी तो म्हणाला. वायरींचं म्हटलं की त्या जागेत कुणी वाद घालत नसे. आईने तर विचारलंही नाही, तू म्हणशील तसं म्हणाली. चाकाच्या खुर्चीतून, नळीसकट, दहा मिनिटांत अदलाबदल झाली.

मास्तर खिडकीपाशी बसले. मैदानावर मुलं खेळत होती, त्यांचा कालवा वरपर्यंत येत होता. मास्तरांनी चष्मा पुसून नीट लावला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमचे फार उपकार झाले," ते म्हणाले. "आईला सांगा, मी विसरणार नाही."

त्याने हात सोडवून घेतला. चादरींच्या खोलीत जाऊन तीन आणि पाचची नावं बदलली. 'खोली ३, मास्तर.' 'खोली ५, आई.' सातवा दिवा लुकलुकत होता. त्याच्याकडे त्याने पाहिलं नाही.

चार वाजून आठ मिनिटांनी तो पाच नंबरच्या खोलीत आईचा हात धरून बसला.

चार दहा. नाडी ऐंशी.

चार चौदा. आई सांगत होती की मोठ्याला एकदा फोन कर, तुझ्या भावाचा सहा महिन्यांत पत्ता नाही. तो हो हो म्हणत होता आणि आकड्याकडे बघत होता.

चार सतराला सिस्टरांच्या टेबलावरून तो आवाज आला. लांब, एकसुरी. बाहेर पळापळ झाली, चाकांचा खडखडाट, मेट्रनबाईंचा आवाज. आईच्या मशीनवर अठ्ठ्याहत्तर.

त्याचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलायचं, पहिल्यांदा तेच झालं. लाज नंतर आली.

मेट्रनबाई दारात आल्या. "मास्तर गेले हो," त्या म्हणाल्या. "बसल्या जागी. चष्मासुद्धा हलला नाही. वायरवाले, तेवढं तीनचं बंद करा, ती स्क्रीन डोकं उठवतेय."

तो उठला. त्याने मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी आपण थांबायचं, चार पंचविसाला बंद करायचं, निदान एवढं तरी त्या पेटीचं खोटं पाडायचं. पण तो आवाज बंद होईना, आणि सहामधल्या बाई घाबरून रडायला लागल्या होत्या. त्याने आज्ञा दिली. आवाज थांबला. मग त्याने मनगटाकडे पाहिलं.

चार वीस.

तो बराच वेळ स्टुलावर बसून राहिला. नक्की किती ते त्यालाही सांगता आलं नसतं. संपलं, असं त्याला वाटत होतं. जे व्हायचं ते झालं, नोंद खरी ठरली, आई जिवंत आहे. मास्तरांच्या तळव्यांची ऊब अजून त्याच्या हाताला होती. तो हात त्याने चादरीला पुसला.

मग, उठण्यापूर्वी, त्याने सातव्याचं दार पुन्हा उघडलं. फक्त खात्री करायला.

पलीकडे नावं बदललेली नव्हती. 'खोली ३, आई.' 'खोली ५, मास्तर.' तिथे कुणी कुणाला हलवलंच नव्हतं. चार विसाची ओळ होती तिथेच होती. पण आता तिच्याखाली आणखी एक ओळ आली होती.

पाच दहा. पोर्ट तीन, हाताने चालू. आणि पुढे त्याचं नाव.

ती ओळ त्याने तीनदा वाचली. गेलेल्या माणसाचं पोर्ट कुणी पुन्हा चालू करत नाही. नवं माणूस खोलीत आलं तरच करतात, आणि मग आधी नाव बदलतात. नाव तर तेच होतं. 'आई.' पुढे पूर्णविराम.

त्याचं घड्याळ चार एक्केचाळीस दाखवत होतं.

तो पाच नंबरच्या खोलीत आला. आई जागी होती, अंगठे चादरीच्या कडेवर चाललेले.

"धाकट्या," ती म्हणाली, "मघाशी एवढा का रडत होतास रे?"

"मी? कधी?"

"आत्ताच की. मेट्रनबाईंबरोबर गेलास आणि लगेच परत आलास तेव्हा. पाय धरून बसलास माझे. मी म्हटलं, अरे वेड्या, आहे मी, कुठे गेलेय? तर ऐकायलाच तयार नाहीस." तिने कड सरळ केली. "हात किती गार होते तुझे."

त्याने विचारलं, मी आणखी काय म्हणालो?

"न्यायला येतो म्हणालास. पाच दहाला. जातो आणि सगळं लावून येतो, म्हणालास. आता विसरलास का?"

त्याने सिस्टरांना गाठलं, ॲम्ब्युलन्स मागवा म्हणाला. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता फोन लावला. यायला तास लागणार होता. मग तो चादरींच्या खोलीत गेला, सातव्या पोर्टात चादरीची चिंधी कोंबली, वरून चिकटपट्टी मारली. चिकटपट्टीआडून हिरवा उजेड दिसत राहिला.

परत येऊन त्याने दार लावलं. कडी नव्हती, तसल्या खोल्यांना नसतेच. दाराला खुर्ची लावली आणि स्वतः खाटेवर बसला. बूट काढून खाटेखाली सरकवले, पायांचा जरासुद्धा आवाज नको, बाहेरचं सगळं ऐकू यायला हवं. आईचा हात घट्ट धरला. हात उबदार होता.

पाच वाजले. कॉरिडॉर शांत होता. शाळा सुटली होती, मैदानावरचा कालवाही थांबला होता.

पाच पाच. नाडी ऐंशी. त्याने आईला विचारलं, तू माझ्याजवळच राहशील ना? लहानपणी विचारायचा तसंच विचारलं. ती म्हणाली, हे काय विचारणं झालं!

पाच आठ.

जिन्याच्या बाजूला काहीतरी वाजलं. मग तीन पावलं, साधी. चौथं करकरलं.

पुन्हा तीन. पुन्हा एक करकरलं.

त्याने खाली वाकून पाहिलं. दोन्ही बूट खाटेखाली होते, होते तसेच.

आवाज दाराशी येऊन थांबला.

आईने चादरीची कड सोडली. "आला बघ," ती म्हणाली. मग आपला हात त्याच्या हातातून हळूच काढून घेतला आणि पायांवरची चादर बाजूला केली.